हद्दीबाहेरची बिअर

आमच्या घरात दारू येत नाही. सासूबाई दर रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जातात, पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज जरा चढतो असं मला नेहमी वाटत आलंय. त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून घराण्यात कोणी बाटलीला हात लावलेला नाही, असं त्या आल्यागेल्याला सांगतात. घराण्यात त्या स्वतःच्या मुलाला धरत नाहीत.

तो मुलगा म्हणजे माझा नवरा. त्याला बिअर आवडते. मित्रांबरोबर शनिवारी ढोसून रविवारी डोकं धरून बसण्यातली ती आवड नाही. जिथे पितात तिथेच गाळलेली, मोठ्या टाक्यांमधून थेट ग्लासात येणारी, प्रत्येक ठिकाणी वेगळी लागणारी ताजी बिअर त्याला लागते. बाटलीतल्या बिअरला तो 'साबणाचं पाणी' म्हणतो आणि ती पिणाऱ्यांकडे, आमच्या नातेवाइकांतले काही जण कुकरमध्ये भात करणाऱ्यांकडे बघतात तसं बघतो.

लग्नानंतर लवकरच मायलेकांत एक करार झाला. मी साक्षीदार होते. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरात नाही आणि माझ्या गावात नाही. गावाबाहेर तू काय करतोस ते मी विचारणार नाही." तो म्हणाला, "ठीक आहे." मला वाटलं होतं, महिन्याभरात विसरेल. तो विसरला नाही. त्याचं ऑफिस खराडीला, खिडकीतून खाली बघितलं तर अशाच ताज्या बिअरच्या एका ठिकाणाची पाटी दिसते. ऑफिसातली मंडळी दर शुक्रवारी तिथे जातात. हा त्यांच्याबरोबर लिफ्टने खाली उतरतो, त्यांना हात करतो आणि घरी येतो. "तुमचा नवरा फार सोवळ्यातला दिसतो," असं त्याच्या साहेबांची बायको मला म्हणाली होती. मी म्हटलं, हो ना, फारच.

त्यामुळे बिअर प्यायची म्हणजे आम्हाला प्रवास करावा लागायचा. लोक देवदर्शनाला जातात, समुद्र बघायला जातात. आम्ही गाव ठरवायचो ते तिथे बिअर कोण चांगली गाळतं ते बघून. आजूबाजूला किल्ला, देऊळ, धबधबा असलाच तर आलोच आहोत म्हणून बघून घ्यायचो. माझी नोकरी विमा कंपनीत, नव्या लोकांना शिकवायची. त्यासाठी मला वर्षातून बऱ्याचदा परगावी पाठवतात, आणि जिथे पाठवतील तिथे हा रजा टाकून मागोमाग यायचा. 

एकदा मात्र घराजवळच सोय झाली. मांजरीच्या बाजूला, उसाच्या शेतांना लागून कोणीतरी एक छोटंसं ठिकाण काढलं. तेव्हा ते शहराच्या हद्दीबाहेर होतं. याने नकाशात हद्द दोनदा तपासली आणि मग मला घेऊन गेला. काही महिने मजेत गेले. मग तो भाग पालिकेत आला. सगळे पाण्याबद्दल, रस्त्यांबद्दल, घरपट्टीबद्दल बोलत होते, आमच्या घरात एकाच गोष्टीचं सुतक होतं. मी म्हटलं, "अरे, आईंना काय कळतंय हद्द कुठून कुठे गेली?" तो म्हणाला, "आईला नाही कळत. मला कळतं." विषय संपला.

आता त्याच्या नाकाबद्दल सांगायला हवं. मी कसब्यातली. आमच्याकडे कौतुक करायची पद्धत नाही. पदार्थ चांगला झाला असेल तर 'बरा झालाय' म्हणतात आणि फारच चांगला झाला असेल तर गप्प बसून दुसऱ्यांदा वाढून घेतात. तरीही सांगते, त्या माणसाच्या नाकासारखं नाक मी पाहिलं नाही. स्कूटरवर मागे बसलेली असताना डोळे मिटून घ्यायचे आणि तो पुढून सांगायचा: डावीकडे कोणीतरी कांदा लालसर परततंय, पुढे लाकडाची वखार, आता रद्दीवाला, आता कोणीतरी धुतलेली चादर वाळत टाकलीये. मांजरीकडे जाताना ऊसतोड सुरू झाल्याचं त्याला हडपसर ओलांडायच्या आत कळायचं. जिन्यातून वर येतानाच तो सांगायचा, आज आमटीत आमसूल जरा जास्त पडलंय. ही गोष्ट बायकोला आवडण्यासारखी नाही, पण खरी असायची.

बिअर आली की तो मला लगेच पिऊ द्यायचा नाही. आधी नाक. एकाने एक वास सांगायचा, मग दुसऱ्याने दुसरा. सांगितलेला परत सांगायचा नाही. मी मध, पाव, लिंबू इथवर यायचे आणि गाडी अडायची. तो मात्र डोळे मिटून सांगत राहायचा: शिळ्या चपातीचा काठ, गवती चहा, कच्चा आंबा, पेन्सिलीला टोक काढल्यावरचा भुसा. मी म्हणायचे, थापा मारतोयस. मग परत ग्लासात नाक घालायचे, आणि पेन्सिलीचा भुसा तिथे असायचा. जगात इतके वास आहेत हे मला त्या माणसाने दाखवलं. चाळिशीच्या जवळ आल्यावर आपल्याला नाक आहे हे कळणं म्हणजे काय, ते मी कोणाला समजावून सांगू शकत नाही.

त्याच्या शिकवणीतली एक गोष्ट पुढच्यासाठी लागणार आहे, म्हणून सांगते. गव्हाची बिअर दोन तऱ्हेची असते. एक जर्मन, एक बेल्जियन. दोन्ही दिसायला अगदी सारख्या, गढूळ, मोसंबीच्या रसाच्या रंगाच्या. पण जर्मनवालीला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते; सगळी करामत यीस्टची. बेल्जियनवालीत संत्र्याची साल आणि धने घातलेले असतात, आणि वासही त्यांचाच येतो. हॉटेलवाले दोन्हींत सर्रास गोंधळ घालतात. याने एकदा गोव्याला ग्लास ओठांपर्यंत न नेता परत पाठवला होता. "धने आणि केळं ज्याला वेगळं कळत नाही, त्याला स्वयंपाकघरात घेऊ नये," असं तो मला म्हणाला. वेटरला मात्र हसून म्हणाला, "बदलून द्या हं जरा."

मग मोठी साथ आली. दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला, हॉस्पिटलात जायची वेळ आली नाही, घरीच बरा झाला. आमच्या इमारतीत माणसं गेली होती, त्यामुळे वास गेला याचं कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. सगळ्यांचाच जात होता आणि सगळ्यांचाच परत येत होता. माझा आठवड्यात आला. सासूबाईंचा गेलाच नाही. त्याचा येईल, येईल म्हणत पावसाळा गेला, दिवाळी गेली.

मधे काही दिवस वास आले, पण भलतेच. कॉफीला गटाराचा, कांद्याला जळक्या रबराचा. टूथपेस्टने त्याला ओकारी यायची. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, नसा जाग्या होतायत. आम्ही गटाराच्या वासाचाही आनंद मानला. मग तेही थांबलं आणि काहीच उरलं नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळायचं. "जेवण म्हणजे गरम आणि गार, मऊ आणि कडक," असं तो एकदा म्हणाला आणि दुसरी पोळी न घेता उठला. दूध उतू जाऊन जळलं तरी तो शेजारच्या खोलीत शांतपणे काम करत बसलेला असायचा. त्या वेळी त्याच्याकडे बघायला मला भीती वाटायची.

डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, म्हणजे नाकाला आठवण होते. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. पन्नाशीकडे झुकलेला मुलगा खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि त्या एकेक बाटली त्याच्या नाकाशी धरायच्या. "आला?" "नाही." "हा?" "नाही, आई." लवंगेची बाटली त्या सगळ्यात जास्त वेळ धरायच्या. त्यांचं म्हणणं, लवंग तिखट असते, ती आत पोचेल. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. 'नाही' म्हणताना त्याचा आवाज दर वेळी इतका मऊ असायचा, जणू त्यालाच आईची समजूत घालायची होती.

एका संध्याकाळी बाटल्या बंद करून ठेवताना सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या बिअरला फार वास असतात ना रे?"

तो म्हणाला, "असतात."

"मग घरी घेऊन ये."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. समोर कपाटावर बुद्धमूर्ती होती, त्यांनीच सकाळी वाहिलेली फुलं होती. तो म्हणाला, "आई, शील?"

"शील माझं आहे. मी थोडीच पिणार आहे? तू औषध म्हणून घे. माझ्यासमोर बसून घे. पण वास येऊ दे तुला."

मी उठून आत गेले, कारण मला रडू आवरेना. त्या बाईने आयुष्यभर सांभाळलेली एकुलती एक अट मोडायला काढली होती. पण त्याने बिअर आणली नाही. रात्री जेवणानंतर मी विचारलं, का नाही, तर म्हणाला, "तिने एवढं मोडलं आणि तरी वास आला नाही, तर ती काय करेल?" त्यापेक्षा बाहेर शोधू, असं ठरलं.

म्हणून आम्ही पुन्हा प्रवासाला लागलो. पूर्वी चांगली बिअर शोधायचो, आता सगळ्यात जास्त वासाची शोधू लागलो. गुडगावला गेलो, चंदीगडला गेलो, गोव्याला परत गेलो. माझं शिकवणं संपलं की टॅक्सी करून शहराच्या दुसऱ्या टोकाला. हा पाटी वाचायचा, गाळणाऱ्याशी बोलायचा, कुठली सगळ्यात उग्र आहे ते विचारून घ्यायचा. ग्लास यायचा. तो डोळे मिटून नाक आत घालायचा आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत श्वास रोखून बसायचे. मग तो डोळे उघडायचा, मान हलवायचा. तरी पूर्ण ग्लास प्यायचा. गाळणारा येऊन विचारायचा, कशी वाटली. तो म्हणायचा, "छान आहे." सभ्यपणा त्याचा गेला नव्हता. माझा जायच्या बेतात होता, कारण शेजारच्या टेबलावरची पोरं तीच बिअर घशाखाली लोटत मोबाइलवर क्रिकेट बघायची आणि मला वाटायचं, यांची नाकं काढून घ्यावीत.

बंगळूरला गेलो तेव्हा आशा करायचंही जवळजवळ सोडलं होतं. माझं तीन दिवसांचं काम होतं, शेवटच्या दुपारी हा आला. ठिकाण मोठं होतं, उंच छत, काचेमागे टाक्या, आणि भिंतीवर खडूने लिहिलेली यादी. त्याने स्वतःसाठी जर्मनवाली गव्हाची बिअर मागवली. माझं डोकं दुखत होतं, मी साधी हलकी मागवली. ग्लास आले. त्याने नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"थांब," तो म्हणाला.

मी थांबले.

"केळं." मग पुन्हा वास घेतला. "हो. केळं. आणि मागून लवंग."

मी भर दुपारी, भरल्या हॉटेलात, हुंदके देऊन रडले. आमच्या माहेरी असं कोणी केलं असतं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं. तो म्हणाला, "अगं, लोकांना वाटेल मी काहीतरी बोललो तुला." मग हसला. त्याला तसं हसताना मी किती दिवसांनी बघत होते. मला आधी त्याच्या आईला सांगायचं होतं. आत फार गोंगाट होता म्हणून मी फोन घेऊन बाहेर फुटपाथवर गेले.

"आई, त्याला वास आला."

त्या म्हणाल्या, "कशाचा?"

"केळ्याचा. आणि लवंगेचा."

"लवंगेचा? लवंग म्हणाला तो? नक्की?"

"नक्की, आई."

त्या रडत होत्या. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "या पौर्णिमेला मी विहारात खीर देते सगळ्यांना."

मी आत आले तेव्हा तो हात धुवायला गेला होता. त्याचा ग्लास अर्धा होता. मलाही तो वास हवा होता, त्याच्या परत आलेल्या नाकातला पहिला वास. मी ग्लास उचलला आणि हुंगला. संत्र्याची साल होती. धने होते. केळं नव्हतं, लवंग नव्हती. मला वाटलं, रडून माझं नाक चोंदलंय. नाक शिंकरून परत हुंगलं. धने, स्वच्छ, भरडल्यासारखे.

मी काउंटरवर गेले आणि विचारलं. तिथला माणूस कामात होता. म्हणाला, "मॅडम, जर्मनवाला खतम हो गया था, तो बेल्जियन दे दिया. बोलना रह गया, सॉरी. वैसे सेम ही है, दोनों व्हीट हैं."

त्याने यादी वाचली होती. ग्लासातला गढूळ पिवळा रंग बघितला होता. आणि त्या रंगाच्या बिअरला जो वास यायला हवा तो त्याने आठवणीतून सांगितला होता. ज्या माणसाने एकेकाळी ग्लास ओठाला न लावता परत पाठवला होता, त्याने. बाकी कोणी केलं असतं तर मी चूक म्हटलं असतं. त्याच्या बाबतीत त्याचा एकच अर्थ होत होता.

मी जागेवर येऊन बसले. तो आला, ओले हात रुमालाला पुसत. "आई काय म्हणाली?"

"रडल्या," मी म्हटलं. "खीर देणारेत विहारात."

तो ग्लासाकडे बघत राहिला. "बरं झालं," तो म्हणाला. आणि उरलेली बिअर त्याने शांतपणे संपवली.

मला राग आला होता. सासूबाईंना फोन करायला निघाले तेव्हा त्याने मला अडवलं का नाही, याचा राग. विमानात मी खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. पण घरी आलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात लवंगेची बाटली होती, आणि त्यांनी ती दारातच त्याच्या नाकाशी धरली. "आला?" "आला, आई," तो म्हणाला. त्या वेळी माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. राहिलं ते नुसतं दुःख.

पौर्णिमेला खीर झाली. विहारातल्या बायका त्याच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, तो प्रत्येकीला हसून नमस्कार करत होता. खिरीत वेलची छान लागतेय म्हणाला. वेलची होतीच खिरीत, त्याने भांड्यात टाकताना बघितली होती. त्यानंतर तो घरात फार कौतुक करू लागला. जिन्यातून वर येता येता चुका काढणाऱ्या माणसाच्या मते आता रोज काहीतरी मस्त झालेलं असायचं. एकदा आमटीत हिंग घालायचाच राहिला आणि त्याने नेमकं हिंगाचं कौतुक केलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, आज नवीन डबी फोडली." त्या जेवायला लागल्या.

मी त्याला काही बोलले नाही. कसब्यातल्या बाईने इतके दिवस तोंड बंद ठेवलं, यावर माझ्या बहिणींचा विश्वास बसायचा नाही. पण बोलून काय झालं असतं? तो आमच्यासाठी खोटं बोलत होता, आणि त्याच्याकडे आमच्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं, असं मला वाटायचं. बाटल्या कपाटात गेल्या. प्रवासही थांबले. "आता काय, वास तर आलाय," असं तो म्हणायचा, आणि माझ्या मागोमाग परगावी यायचं त्याने बंद केलं. मी एकटी जायचे, शिकवायचे, खोलीत जेवण मागवायचे. बिअरच्या ठिकाणांच्या पाट्या टॅक्सीतून दिसायच्या. मी बघायचे नाही.

गेल्या हिवाळ्यात मला शिलाँगला पाठवलं. तिथे पाच वाजले की अंधार पडतो आणि गार वारा सुटतो. काम संपवून मी चालत हॉटेलवर निघाले होते. वाटेत एक लहानसं लाकडी ठिकाण होतं, आत चार टेबलं, मागे दोन टाक्या. थंडी होती म्हणून आत गेले, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांच्याकडे त्या दिवशी एकच काळी बिअर होती. मी ती मागवली.

मी आयुष्यात इतकी चांगली बिअर प्यायले नाही. हुंगली तेव्हाच माझे डोळे भरून आले. मी डोळे मिटून एकेक वास काढत गेले आणि एकापुढे दुसरा सापडत गेला, एकटीला, कुठेही न अडता. शेजारच्या खुर्चीकडे बघून सांगायला तोंड उघडलं आणि तिथे कोणी नव्हतं. त्याने मला हे दिलं होतं आणि आता ते माझ्या एकटीकडे होतं. मला ते नको होतं.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. जेवलीस का, थंडी किती आहे, असं नेहमीचं. मागचा आवाज ऐकून म्हणाला, "कुठे आहेस?"

मी सांगितलं.

"काय घेतलंस?"

"काळी. काही खास नाही. भिकार आहे. पाणचट."

तो म्हणाला, "खोटं बोलतेस."

"अरे, खरंच..."

"माझा वास गेलाय गं. कान गेले नाहीत."

त्याने हे पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं होतं. टेबलावर ग्लासाचा ओला गोल उमटला होता, त्यावरून बोट फिरवत राहिले.

"बंगळूरलाही काही आलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहितीये."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुला बेल्जियन दिली होती त्यांनी."

तो हसला. खरंच हसला, पण फार वेळ नाही. "धने," तो म्हणाला. "शी. काय लाज आणली." मग म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"तू रडायला लागलीस ना तेव्हा, मग मागे येताच येईना." 

"असू दे रे."

"बरं. आता सांग, कशी आहे ती बिअर. नीट सांग, भिकार वगैरे नको."

मी ग्लास उचलला. इतकी वर्षं तो सांगायचा आणि मी ऐकायचे, आज मी सांगायचं होतं. मी डोळे मिटले आणि शक्य तितकं अचूक सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, "लोखंडी कढईत शेंगदाणे भाजतो ना आपण, खाली उतरवायच्या जरा आधी, एखाददुसरा करपायला लागलेला असतो, तसा वास येतोय. अगदी तसा."

मला वाटलं फोन कट झाला.

"तो कसा असतो गं?" तो म्हणाला.

"कोण?"

"शेंगदाण्यांचा वास. मी मघापासून आठवतोय. कढई दिसतेय मला. तू हलवतेयस तेही दिसतंय. वास आठवत नाही."

मला वाटलं होतं, त्याचं नाक गेलंय; आत सगळं जपून ठेवलेलं असेल. पेन्सिलीचा भुसा, वाळत टाकलेली चादर, सगळं. बंगळूरला त्याने केळं आणि लवंग आठवणीतून सांगितली असं मी इतके दिवस धरून चालले होते. तेही नुसते शब्दच होते.

"सांग ना," तो म्हणाला.

"खमंग," मी म्हटलं.

"खमंग हा शब्द येतो मला," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, आईला 'नाही' म्हणायचा तशा. "वास सांग."

मी ग्लास परत नाकाशी नेला. वास होता, भरपूर होता. मी फोन कानाला लावून बसून राहिले आणि तो पलीकडे वाट बघत होता.